तुम्ही विचारलंत म्हणून : कथानक सुचत नाही तेव्हा

"पात्र डोळ्यांसमोर आहे, प्रसंगही आहे, पण कथानक काही सुचत नाही." नव्याने लिहू लागलेली माणसं मला हे वरचेवर विचारतात. परवा एकीने सगळं मांडूनच विचारलं. तिच्या कथेतल्या माणसाची नोकरी गेली आहे. घरी त्याने सांगितलेलं नाही. रोज सकाळी तो बॅग खांद्याला लावून ठरल्या वेळी बाहेर पडतो. दोन पानं छान उतरली आणि तिथेच गाडी अडली. "आता पुढे काय घडवू?"

मला वाटतं, अडचण त्या 'घडवू'मध्येच आहे. कथानक बाहेरून आणून कथेत बसवायचं असतं, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव वेगळा आहे. माणूस कुठे उभा आहे, त्याला काय हवंय आणि आड काय येतंय, हे नेमकं उमगलं की पुढचं पाऊल तोच टाकतो.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली दिलेलं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे झालं कथानक. 'मग'च्या जागी कारण आलं. हे पटतं, पण लिहायला बसल्यावर पुरत नाही, कारण कारण आणायचं कुठून, हा प्रश्न राहतोच. माझ्या मते ते बहुतेक वेळा जागेतून येतं, आणि नवे लेखक जागेकडेच सर्वांत कमी बघतात. खिडकीतून येणारं ऊन, भिंतीवरचं घड्याळ असं चार ओळींत उरकलं की जागा झाली, असं त्यांना वाटतं.

अमेरिकन लेखक जॅक लंडन यांची 'टु बिल्ड अ फायर' ही कथा बघा. वायव्य कॅनडातल्या युकॉनच्या बर्फात, उणे ७५ अंश फॅरनहाइट थंडीत, एक माणूस कुत्र्याला घेऊन पायी निघाला आहे. इतक्या थंडीत एकट्याने जाऊ नये, असं एका जुन्याजाणत्या माणसाने त्याला बजावलेलं असतं. त्याने ते हसण्यावारी नेलेलं असतं. वाटेत बर्फाचा थर फुटतो, पाय पाण्यात जातात, आता शेकोटी पेटवून पाय सुकवले नाहीत तर मरण. तो शेकोटी पेटवतो, पण झाडाखाली, कारण तिथल्या झुडपातल्या काटक्या ओढून थेट आगीत टाकणं सोपं. प्रत्येक काटकी ओढताना झाडाला बारीकसा हिसका बसतो. फांद्यांवर बर्फ साचलेला असतो. शेवटी तो खाली कोसळतो आणि आग विझते.

इथे जागा कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो, ते मला वेगळं काढता येत नाही. बर्फ त्या जागेचा आहे, सोपं ते करण्याची सवय त्या माणसाची आहे, आणि दोन्ही एकत्र आल्याशिवाय आग विझत नाही. लंडन यांनी हीच कल्पना १९०२ मध्ये एकदा लिहिली होती. तेव्हा कुत्रा नव्हता आणि माणूस वाचत होता. १९०८ च्या रूपात तो मरतो. थंडी तीच, पण हा दुसरा माणूस शहाणा होतो तो वेळ निघून गेल्यावर. बदलाला झालेला उशीर हेसुद्धा कथानक असतं.

आता माझ्याच एका कथेबद्दल सांगते. भाऊ आणि बहीण. आईला यापुढे कोणी सांभाळायचं यावरून वाद. पहिल्या खर्ड्यात ती दोघं घरात भांडत होती आणि आई आतल्या खोलीत होती. आवाज चढायचे, कोणीतरी उठून बाहेर जायचं, परत यायचं, पुन्हा तेच. चौदा पानं झाली तरी काहीही हललं नव्हतं. संवाद वाईट नव्हते. त्या घराला दारं होती, एवढंच. जिथून उठून जाता येतं तिथे वाद पिकत नाही.

मग मी त्यांना रात्रीच्या रेल्वेगाडीत बसवलं. समोरासमोरच्या वरच्या बर्थवर दोघं, खाली आई झोपलेली, डब्यातले दिवे मालवलेले. आता भांडायचं तर कुजबुजत. आणि कुजबुजत भांडताना माणूस शब्द मोजून वापरतो, त्यामुळे ते जास्त लागतात. दादाचं "तुला काय, तू मोकळीच आहेस" हे वाक्य घरातल्या आरडाओरड्यात वाहून गेलं होतं. अंधारात, हळू आवाजात आलं तेव्हा लिहिताना माझाच हात थांबला. मध्येच बहिणीला खाली आईचा हात दिसतो. पांघरूण नीट करणारा. आई जागी आहे. हे मी ठरवलं नव्हतं. तीन माणसं इतकी जवळ ठेवली की कोणीतरी जागं असणारच.

शेवट मात्र बरेच दिवस जमेना. बहीण बदलली आहे हे दाखवायला मी तिच्या तोंडी एक लांबलचक स्वगत घातलं होतं, तिला आजवर काय काय गिळावं लागलं याचं. ते सगळं खरं होतं आणि तरी कथेत मेल्यासारखं पडून होतं. पात्राने स्वतःच्या बदलाचं वर्णन केलं की वाचकाला बघायला काही उरत नाही. स्वगत काढून टाकलं. आता दादा विचारतो, "मग ठरलं ना?" यावर आयुष्यभर "बघू" म्हणत आलेली ती बर्थवरून उतरते, आईच्या पायाशी बसते आणि "नाही, दादा," असं मोठ्याने म्हणते. रोजच्या आवाजात. अख्खी रात्र कुजबुजीत गेल्यावर तो साधा आवाजच पुरेसा होता. घरात ती कितीही ओरडली असती तरी तो ऐकू आला नसता.

बदल मोठा हवा, असं अजिबात नाही. बदलल्यावर प्रश्न सुटायला हवा, असंही नाही. रशियन लेखक चेखव यांची 'कुत्र्यासोबतची बाई' (१८९९) ही कथा तर सर्वांत अवघड भाग आत्ता कुठे सुरू होतोय, एवढं सांगून थांबते. माणूस पहिल्यांदाच प्रेमात पडलेला असतो, त्याचे केस पिकू लागल्यावर. बस.

तर नोकरी गेलेला तो माणूस. मी त्या मुलीला एवढंच विचारलं, की संध्याकाळपर्यंत तो असतो कुठे? तिने लिहिलं होतं, 'इकडे तिकडे भटकत राहिला.' इकडे तिकडे म्हणजे कुठेच नाही, मग त्याला अडवणार कोण? ओळखीचं कोणीतरी त्याला अचानक बघतं, हा योगायोग तिने सुचवला. मला तो आवडला नाही, कारण त्यात त्याचं स्वतःचं काहीच नाही. शेकोटी झाडाखाली त्या माणसानेच पेटवली होती. याचीही जागा यानेच निवडायला हवी.

बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, तो वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसेल, तिथे कोणी काही विचारत नाही म्हणून. मग तिथे परीक्षेची तयारी करणाऱ्या एका पोराचं गणित अडलेलं त्याला दिसेल. न राहवून तो सांगेल. दुसऱ्या दिवशी दोन पोरं त्याच्यासाठी खुर्ची धरून ठेवतील. महिन्याभराने एक जण पास होईल, आणि त्या संध्याकाळी तो कित्येक दिवसांत पहिल्यांदा खुशीत घरी येईल. दार उघडताच बायको विचारेल, "काय हो, आज ऑफिसात काय झालं एवढं?"

आणि ती आनंदाची बातमी त्याला सांगता येणार नाही, आधी दुसरी सांगितल्याशिवाय.

ती वही घेऊन उठली. मला पुढचं विचारायला ती थांबली नाही.