पाणी पोटात, पण तहान मेंदूत

मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो, शेतातून आलेला माणूस ओट्यावर टेकतो, तांब्याभर पाणी पितो आणि मिनिटभरात त्याची तहान गेलेली असते. आता जरा विचार करा, ते पाणी पोटातून आतड्यात, आतड्यातून रक्तात जाऊन रक्तातलं मिठाचं प्रमाण खाली यायला दहा-पंधरा मिनिटं तरी लागतात, म्हणजे तहान जाते तेव्हा शरीरातली पाण्याची कमी अजून जवळपास तशीच असते! मग तहान भागली हे सांगितलं कोणी? मी झूऑलॉजी शिकलोय आणि या प्रश्नाने मला अक्षरशः वेड लावलंय, म्हणून आज यावरच लिहितो.

सुरुवात बकऱ्यांपासून करावी लागेल. स्वीडनमधे बेंग्ट अँडरसन नावाच्या शास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात बकरीच्या मेंदूत, हायपोथॅलॅमसमधे, अगदी थोडं मिठाचं तीव्र द्रावण सोडलं आणि बकरी थोड्याच वेळात पाणी प्यायला लागली. रक्तातलं मीठ 1-2 टक्के जरी वर गेलं तरी आपल्याला तहान लागते, आणि ते ओळखणाऱ्या पेशी मेंदूत आहेत हे तिथून पक्कं होत गेलं. त्यातली एक मुख्य जागा म्हणजे सबफॉर्निकल ऑर्गन, एवढासा ठिपका आहे तो, पण मेंदूच्या बाकी भागाला रक्तापासून वेगळं ठेवणारा जो पडदा असतो तो इथे नसतो, त्यामुळे या पेशींना रक्ताची चव थेट कळते.

2015 मधे कोलंबिया विद्यापीठात युकी ओका आणि चार्ल्स झुकर यांच्या टीमने या पेशी उंदरात थेट प्रकाशाने चालू केल्या. हिरव्या शेवाळात प्रकाश ओळखणारं एक प्रोटीन असतं, त्याचा जीन ठराविक न्यूरॉन्समधे (मेंदूच्या पेशींमधे) घालायचा, बारीक ऑप्टिकल फायबर बसवायची आणि निळा प्रकाश सोडायचा, याला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात. पोटभर पाणी प्यायलेला उंदीरसुद्धा प्रकाश लागल्याबरोबर नळी शोधत जाऊन पाणी प्यायला लागला, प्रकाश बंद की पिणं बंद. आणि त्याच ठिपक्यात दुसऱ्या जातीच्या पेशी सापडल्या, त्या चालू केल्या तर तहानलेला उंदीरही पाणी पीत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचलं.

पण माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं 2016 मधे, सॅन फ्रान्सिस्कोच्या झॅकरी नाइट यांच्या लॅबमधून. त्यांनी पेशी चालू-बंद करण्याऐवजी त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवलं, पेशी जागी झाली की चमकेल असं प्रोटीन वापरून. तहानलेल्या उंदराने पाणी प्यायला सुरुवात केली आणि तहानेच्या पेशी मिनिटभरातच शांत झाल्या, रक्तात काहीही बदलायच्या आधी. म्हणजे मेंदू वाट बघतच नाही, एवढं पाणी गेलंय म्हणजे थोड्या वेळाने रक्त ठीक होईल असा अंदाज बांधून मोकळा होतो. पाणी न देता तोंड नुसतं थंड केलं तरी या पेशी मंदावल्या. आणि उलटं पण होतं, उंदीर खायला लागला की अन्नातलं मीठ रक्तात पोचायच्या आधीच या पेशी जोरात येतात. शेवभाजीचे दोन घास घेतले की हात पाण्याच्या ग्लासकडे जातो ना, तिखट हे त्याचं एक कारण, पण नुसतं खाणं हेसुद्धा तहानेला पुरेसं असतं. माठातल्या गार पाण्याने जीव लगेच शांत होतो आणि फिल्टरच्या कोमट पाण्याने नाही, त्याचंही मूळ इथेच आहे असं मला वाटतं.

पुढे 2018 मधे ओका यांच्याच लॅबने (ते तोवर कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात गेले होते) दाखवलं की द्रव कोणता आहे यापेक्षा घोटामागून घोट गिळण्याचा वेग पेशी मोजतात, तेच पाणी जेलसारखं घट्ट करून खायला दिलं तर तो सिग्नल येत नाही. मग खारं पाणी प्यायलं तर मेंदू फसेल का? फसतो, पण थोडाच वेळ. नाइट यांच्या लॅबचं 2019 चं काम आहे, खारट पाणी पिताना उंदराच्या तहानेच्या पेशी आधी शांत झाल्या आणि मग पुन्हा जाग्या झाल्या, कारण आतड्यातून दुसरा निरोप आला की हे पाणी उपयोगाचं नाही. तोंडाचा अंदाज आतडं तपासतं.

आता माझी खरी काळजी. आमच्या यावलकडच्या घरी आजी आहे, ऐन दुपारी पाण्याचा ग्लास पुढे केला की "मले नई लागली तहान, कायले पाजतो उगी" हे ठरलेलं. ती खोटं बोलत नाही. 1984 मधे एका अभ्यासात निरोगी वयस्कर पुरुषांना आणि तरुणांना 24 तास पाणी दिलं नव्हतं, तरी वयस्करांना तहान कमी लागली आणि पाणी समोर आल्यावर ते प्यायलेही कमी. शरीरात पाणी कमी, पण मेंदू तक्रार करत नाही. केळीच्या बागेत, कापसाच्या शेतात राबणारी किती म्हातारी माणसं आहेत आपल्याकडे, त्यांना "तहान लागली की पी" सांगून चालणार नाही, घड्याळ बघून ताक, लिंबू सरबत, पाणी हातात द्यायला हवं, आम्ही घरी तेच करतो आणि ती कुरकुरत का होईना पिते. (किडनीचा किंवा हृदयाचा पेशंट असेल तर मात्र किती द्यायचं ते डॉक्टरला विचारूनच.)

आणि हो, हे सगळं मुक्या जनावरांवर झालंय, उंदीर तहानलेला असावा म्हणून त्याचं पाणी काढून घेतात, डोक्यात फायबर बसवतात, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. आपल्याकडे प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली यासाठी समिती आहे, एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय असा प्रयोग करता येत नाही आणि ते तसंच कडक राहावं. पण ही माहिती डिशमधल्या पेशींवर मिळालीच नसती, कारण पिणं हे वागणं आहे, त्याला पिणारा जीव लागतो. म्हणून मी या प्रयोगांच्या बाजूने आहे, उंदीर कमीत कमी लागावेत आणि त्यांना त्रास कमीत कमी व्हावा या अटीवर.