केबिन जागेवरच ठेवा: बंद टॉकीजच्या कामाची दुसरी नोंद

छपराचं काम उरकलं आहे. केबिनचं, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीचं, निम्मं झालं आहे. दोन प्रोजेक्टरांपैकी डावं यंत्र आता हाताने फिरवलं की कुठेही न अडता पूर्ण फिरतं. काम ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने खाली मांडलं आहे, कारण जुन्या टॉकीज सांभाळायच्या आपल्या छंदातली बरीच मंडळी थेट यंत्राला हात घालतात आणि पुढच्या पावसाळ्यात सगळं पुन्हा गंजतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: ही तालुक्याच्या गावातली एकपडदा टॉकीज आहे. लोखंडी कैच्यांवर सिमेंटचे पत्रे, खाली स्टॉल, वर बाल्कनी आणि बाल्कनीच्या पाठीमागे केबिन. पाडकाम तूर्त थांबलं आहे. मालकांच्या अटीमुळे गावाचं नाव इथे येणार नाही.

पन्हळ

टॉकीज रस्त्यावरून उंच दिसावी म्हणून दर्शनी भिंत छपराच्या वर नेलेली असते. छपराचा उतार त्या कठड्यामागे येऊन संपतो आणि तिथली पन्हळ खालून दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणी फिरकत नाही. आधी पाला, मग कबुतरांची घाण, मग पिंपळ. पाणी तुंबलं की पत्र्याच्या कडेखालून आत उतरतं आणि भिंतीत मुरतं. बहुतेक जुन्या टॉकीजचा शेवट असा सुरू होतो. बुलडोझर फार नंतर येतो.

पिंपळ ओढून काढू नका, विटांसकट हातात येतो. खोड कापून बुंध्याला भोकं पाडली, त्यात तणनाशक भरलं, मुळं पूर्ण मेल्यावर फटी चुन्याने बुजवल्या. पन्हळ नवीन, गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची. उतार मीटरला १० मिमी, जोड पाण्याच्या दिशेने १५० मिमी एकावर एक. मूळ बांधकामात पाणी उतरायला एकच नळ होता, आता दोन आहेत. शिवाय कठड्यातून थेट रस्त्याकडे निघणारा एक आखूड नळ मुद्दाम थोडा वरच्या पातळीला ठेवला आहे. पन्हळ तुंबली की त्यातून पाणी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोक्यावर पडेल आणि कुणीतरी ओरडेल. देखभालीची याहून खात्रीची सोय नाही.

पत्र्यांबद्दल कळकळीने: त्या काळचे सिमेंटचे पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस, त्याचे तंतू फुप्फुसाला घातक. करवत, ड्रिल, कोरडा ब्रश, प्रेशरने धुणं, सगळं बंद. पत्रा पाण्याने भिजवायचा, धरून ठेवणारे आकडे कापून अख्खा उतरवायचा, तोंडावर बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ मास्क. केबिनमध्येही हा प्रकार दडलेला असतो: आर्कच्या (कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पाडून उजेड देणाऱ्या दिव्याच्या) वायरींवरचं विणकाम, धुराड्याचं आवरण, खिडक्यांच्या लोखंडी झडपांचं अस्तर. पांढुरकं, दोऱ्यासारखं काही सुटताना दिसलं की आधी भिजवा, मग पिशवीत बंद करा.

भिंतीचा जुना गिलावा चुन्याचा आहे, तिथे चुनाच लावला. चुना एक भाग, वाळू तीन भाग. सिमेंटने ओल आत कोंडते आणि क्षार फुलून वर्षा-दोन वर्षांत गिलावा सुटतो. बाल्कनीच्या आरसीसी तुळईला एक छोटा ताजा टवका काढून फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन लावलं. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून अल्कली राखून आहे. रंग आलाच नाही तर सळईचं संरक्षण त्या खोलीपर्यंत संपलं आहे. आपल्याकडे बाहेरचे ३० मिमी रंगहीन निघाले, म्हणजे सळई उघड्यावर असल्यासारखीच. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कागद हातात येईपर्यंत बाल्कनीत कुणी बसणार नाही. केबिनकडे जाणं-येणं बाहेरच्या जिन्याने.

यंत्र लॉबीत का नको

मालकांची सूचना चांगल्या मनाने आलेली होती: एक यंत्र घासूनपुसून लॉबीत काचेमागे ठेवू, बाकी भंगारात देऊ. हे थांबवायला आकडे कामी आले.

भिंगापासून पडद्यापर्यंतचं अंतर लेसरने मोजलं, ३० मीटर भरलं. केबिनच्या पेटीत दोन भिंगं होती, ८५ मिमी आणि १०० मिमी. चित्राची रुंदी काढायची रीत सोपी: अंतर गुणिले गेटच्या (फिल्म दिव्यासमोरून सरकते त्या जागेच्या) खिडकीची रुंदी, भागिले भिंगाची फोकल लेंग्थ, म्हणजे भिंगाचा तो मिमीचा आकडा. उंचीचंही तसंच. जुन्या चौकोनी चित्राची खिडकी २०.९६ बाय १५.२४ मिमी. ८५ मिमीच्या भिंगाने पडद्यावर ७.४० मीटर रुंद आणि ५.३८ मीटर उंच चित्र पडतं. सिनेमास्कोपची, म्हणजे रुंद चित्राची, खिडकी २०.९६ बाय १७.५३, आणि ॲनामॉर्फिक भिंग रुंदी दुप्पट करतं. १०० मिमीने १२.५८ मीटर रुंद, ५.२६ मीटर उंच. म्हणजे दोन्ही चित्रांची उंची जवळपास सारखी, भिंगं याच सभागृहासाठी निवडलेली. स्कोप लागला की बाजूचे काळे पडदे सरकायचे, बाकी काही हलायचं नाही. काळ्या किनारीच्या आतला पडदा १२.४ बाय ५.२ आहे, चित्र चहूबाजूंनी थोडं किनारीवर जातं. तसंच हवं असतं, त्याने कडा स्वच्छ दिसते.

त्याहून बोलका पुरावा गेटच्या पट्टीत. केबिन उंचावर असल्याने प्रकाश खाली झुकून जातो, पडद्याचा खालचा भाग भिंगापासून लांब पडतो आणि चित्र खाली रुंद होतं. फिल्म गेटमध्ये उलटी असते, म्हणून खिडकी वरच्या बाजूला किंचित अरुंद ठेवली की पडद्यावर कडा सरळ येतात. ही पट्टी कोरी येते आणि ऑपरेटर जागेवर, पडद्यावर बघत बघत, कानशीने घासतो. आपल्या दोन्ही यंत्रांच्या पट्ट्या वेगवेगळ्या घासलेल्या आहेत, कारण एक यंत्र मधल्या रेषेच्या डावीकडे, दुसरं उजवीकडे. त्या पट्ट्या जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सभागृहात निरुपयोगी आहेत. यंत्र लॉबीत गेलं की ते नुसतं लोखंड.

मोठ्या शहरांतही हेच घडताना दिसतं. मुंबईची मेट्रो टॉकीज १९३८ची, २००६ पासून मल्टिप्लेक्स. इरॉसही १९३८चं, ती इमारत २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या समूहात आहे, पण आत आता आयमॅक्सचा पडदा आहे. दर्शनी भाग वाचवायला नियम असतात, समित्या असतात. केबिनला कुणी वाली नसतो. मुंबईचंच रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ला बंद पडून २०१६ला पुन्हा उघडलं ते आतल्या सजावटीसह, म्हणून ते उदाहरण पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. अर्थात तिथे मालकाची इच्छा आणि पैसा दोन्ही होते.

डावं यंत्र

यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, फोटोफोन, वेस्ट्रेक्स की सिम्प्लेक्स, पहिला नियम एकच: मोटरला वीज द्यायची नाही. माल्टीज क्रॉसच्या (फिल्म एकेक चौकट थांबत थांबत सरकवणाऱ्या चाकाच्या) डब्यातलं जुनं तेल घट्ट चिकट झालेलं असतं. तशात मोटर सुरू केली तर पिन किंवा क्रॉस तुटतो आणि तो भाग आता सहज मिळत नाही. डबा रिकामा केला, पातळ स्पिंडल ऑइल भरून हाताने फिरवून काढून टाकलं. काळपट येणं थांबेपर्यंत तेच. मग काचेवरच्या खुणेपर्यंत नवीन तेल. फिरत्या आसांना पेलणाऱ्या बुशांना तेल पोचवणाऱ्या नमद्याच्या वाती कडक झाल्या होत्या, सगळ्या बदलल्या. या वाती विसरल्या तर वरून कितीही तेल घाला, बुश कोरडाच.

क्रॉसला चार खाचा. पिनच्या एका फेऱ्यात तो पाव वळतो, १६ दातांचा स्प्रॉकेट, म्हणजे फिल्मच्या छिद्रांत अडकणारं दातांचं चाक, चार दात सरकतो आणि चार छिद्रांची एक चौकट पुढे जाते. सेकंदाला २४ फेरे म्हणजे मिनिटाला १४४०. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलची साधी इंडक्शन मोटर भाराखाली साधारण तेवढ्याच गतीने फिरते, म्हणून इथली यंत्रं इतकी साधी राहिली. टॅकोमीटरने तपासा. गती कमी दिसली तर आधी पट्टा, मग कपॅसिटर, मोटर शेवटी.

शटर, म्हणजे फिल्म सरकताना उजेड अडवणारं फिरतं पातं, लावायची रीत: क्रॉस हाताने फिरवून बरोबर अर्ध्या वाटेवर, ४५ अंशांवर थांबवा. त्या क्षणी पातं खिडकीच्या मधोमध यायला हवं. यात चूक राहिली तर काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या श्रेयनामावलीला वर किंवा खाली शेपटी फुटते.

स्प्रॉकेटचे दात नखाने तपासा. दाताच्या एका बाजूला हूक जाणवला की तो स्प्रॉकेट छिद्रं फाडणार. काही जण उलटा बसवून दुसरी बाजू वापरतात. यंत्राची रचना परवानगी देत असेल तर ठीक.

आवाज आणि दिवा

आवाजाची पट्टी चित्राच्या साधारण २०-२१ चौकटी पुढे असते. गेटखालचा फिल्मचा वेढा एका छिद्राने मोठा झाला तरी ओठ आणि आवाज लगेच वेगळे दिसत नाहीत, चार-पाच चौकटींनी चुकले की दिसतात. आवाजाच्या पट्टीवर उजेड टाकणाऱ्या एक्सायटर दिव्याला डीसीच हवा. एसी दिला तर १०० हर्ट्झची घरघर येते आणि माणसं उगाच ॲम्प्लिफायर उघडतात. वाल्व्हचा ॲम्प्लिफायर सिरीज बल्बमधून, व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या व्हेरिअ‍ॅकने सावकाश वर न्यायचा. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गरम झाले तर तिथेच थांबा.

आर्कचा दिवा पेटवलेला नाही. ८ मिमी धन आणि ७ मिमी ऋण कांड्या अशी ही व्यवस्था साधारण ६० अँपिअर डीसी खाते, धूरही तेवढाच. धुराड्यात पक्ष्याचं घरटं निघालं. साफ केल्यावर उदबत्ती धरून ओढ तपासली, अजून क्षीण आहे. आरसा फक्त डिस्टिल्ड पाणी आणि कापसाने पुसला. तांब्याचे उडालेले थेंब खरवडू नयेत, आरसा खराब होतो. चाचणीपुरता लॅम्पहाउसमध्ये, म्हणजे दिव्याच्या पेटीत, हॅलोजन बसवला आहे, एकही नवीन भोक न पाडता.

आर्कच्या जागी झेनॉन दिवा बसवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: तो बल्ब थंड असतानाही आत दाबाखाली असतो. चेहऱ्यावर शिल्ड आणि हातात मोजे घातल्याशिवाय पेटी उघडू नये, धन-ऋण उलटं जोडू नये.

चाचणीला जुनी प्रिंट लावायची असेल तर १०० छिद्रांचं अंतर मोजा. नव्या पॉझिटिव्ह प्रिंटचं ते ४७५ मिमी असतं. ४७१च्या खाली गेलं तर प्रिंट आकसली आहे, लावू नका. व्हिनेगरचा वास येणारी, म्हणजे सडू लागलेली, रिळं वेगळ्या खोलीत ठेवा. फार जुनी, १९५१च्या आधीची फिल्म नायट्रेट, म्हणजे भडकन पेटणारी, असू शकते, ती केबिनमध्ये आणायचीच नाही.

आणि परवाना. १९५३चा मुंबई सिनेमा नियमन कायदा, आता महाराष्ट्र सिनेमा नियमन कायदा या नावाने, अजून लागू आहे. परवान्याशिवाय लोकांना बोलावून खेळ दाखवता येत नाही, फुकटही नाही. म्हणून सध्या रिकाम्या सभागृहातच चाचणी.

उजवं यंत्र अजून उघडलेलं नाही, त्याचा क्रॉस वळत नाही. त्यासाठी १६ दातांचा इंटरमिटंट (क्रॉसवरचा) स्प्रॉकेट, गेटचे दाबपट्टे आणि केबिनच्या खिडकीच्या झडपेचा, आगीत वितळून झडप पाडणारा, दुवा हवा आहे. कुणाच्या भंगारवाल्याकडे जुनी यंत्रं मोडायला आली असतील तर आधी कोऱ्या गेटपट्ट्या बाजूला काढायला सांगा, त्या नेहमी पत्र्याच्या ढिगात जातात.