प्रिंटरची रांग
आज वडोदऱ्यात, आमच्या दांडिया बाजारच्या ऑफिसात ऐन दुपारी प्रिंटर अडला. सर्व्हर एक, कामं सगळ्यांची. अडकलेला कागद ओढून काढला तरी रांग हलेना. कप्समध्ये (सर्व्हरवर छपाई सांभाळणारी प्रणाली) एरर पॉलिसी, म्हणजे बिघाड झाल्यावर काय करायचं याची सेटिंग, 'स्टॉप-प्रिंटर' असेल तर बिघाड झाल्यावर रांग थांबते, आणि 'कप्सएनेबल'सारखी आज्ञा देऊन हाताने सुरू केल्याशिवाय पुन्हा चालत नाही.

रांगेतली कामं दाखवणारी 'एलपीस्टॅट -ओ' ही आज्ञा मारली. पुढे कुणाचा तरी जाडजूड अहवाल, मागे एकच पत्र चार-चारदा. कागद येईना म्हणून मंडळी पुन्हा पुन्हा प्रिंट दाबत होती.

"अहो, सगळंच उडवून टाका ना!" जोशीकाका म्हणाले. मला हे अजिबात पटत नाही. रांगेतलं प्रत्येक काम कुणाचं तरी असतं, त्याला न विचारता पुसायचं कसं?

अहवाल 'होल्ड'वर टाकला, म्हणजे तेवढ्यापुरता थांबवला. प्राधान्य १ ते १०० पर्यंत देता येतं, एरवी ५० धरलं जातं. काउंटरवर एक आजी दाखल्यासाठी कधीच्या उभ्या होत्या (खुर्चीसुद्धा कुणी दिली नव्हती!), त्यांचं पान ८० वर नेलं आणि रांग सुरू केली. दाखला निघाला. जास्तीची पत्रं ज्याची त्यानेच रद्द केली, मग अहवाल सोडला. तो अजून छापतोय.