माहुलीवर तीन जीपीएस: काचेवरचं, हातातलं आणि खिशातलं

आसनगावजवळच्या माहुली गडावर जायला जीपीएस कशाला लागतंय? पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, रविवारी वाटेवर माणसंही भेटतात. पठारावर पोचेपर्यंत हे म्हणणं बरोबर आहे. वरच्या रानात मात्र ढोरवाटा आणि लाकूडफाट्याच्या वाटा इतक्या एकमेकींत शिरल्या आहेत, की माहुलीच्याच एका टोकाला असलेल्या भंडारगडाकडे निघालेली मंडळी तासाभराने पुन्हा त्याच कातळावर येऊन टेकतात. त्यामुळे यंत्र घेऊन जायचं असेल तर त्या पठारासाठी घ्या. पठारापर्यंतच्या सगळ्या प्रवासात त्याचं काम किरकोळ आहे.

१४ डिसेंबर २०२५ च्या रविवारी आम्ही ठाण्याहून निघालो. मी, संदीप, त्याचा कॉलेजात शिकणारा भाचा ओंकार आणि संदीपचे वडील. काकांना गड चढायचा नव्हता, पण त्यांचं काचेला चिकटवायचं जुनं जीपीएस गाडीत लावायला निमित्त हवं होतं. माझ्याकडे गार्मिनचं ईट्रेक्स हे हातात धरायचं जीपीएस, ओंकारकडे मोबाइल.

तीन हात नाक्यावर काकांनी चकतीला थुंकी लावून यंत्र काचेवर दाबलं. आकाश सापडलं, नकाशा आला आणि कोपऱ्यात तारीख उमटली: ३० एप्रिल २००६. ओंकार हसायला लागला. काका शांतपणे म्हणाले, "वार बघ ना. रविवारच आहे!" खरंच, वार चुकलेला नव्हता, आणि त्याला कारण आहे. जीपीएसचे उपग्रह मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक ० ते १०२३ एवढाच पाठवतात. १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री ती अशी शून्यावर आली आणि ज्या जुन्या यंत्रांचं सॉफ्टवेअर कुणी अद्ययावत केलं नाही ती साडेएकोणीस वर्षं मागे गेली. आठवडे पूर्ण असल्यामुळे वार तोच राहतो. तुम्ही कुठे आहात हे यंत्र बरोबर सांगतं, कारण त्यासाठी आठवड्यातली वेळ अचूक असली की भागतं.

हसण्यावारी नेऊ नका. हातातल्या जुन्या यंत्रातही हा प्रकार होऊ शकतो, आणि त्यात सूर्यास्ताची वेळ तारखेवरून काढतात. आपल्याकडे एप्रिलअखेर सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरच्या मध्यावर सहा वाजून गेले की लगेच. अशा यंत्रावर विसंबून उतरायला निघालात तर तासभर उजेड कमी पडेल. तेव्हा निघायच्या आदल्या रात्री तारीख बघा.

माजिवड्याला गाडीतल्या जीपीएसची परीक्षा होते. एक ओघ घोडबंदरला, एक नाशिकला, काही पुलावरून आणि काही खालून. पूल आणि त्याखालचा रस्ता यांचे अक्षांश-रेखांश एकच असतात, फरक फक्त उंचीचा, आणि आडव्या अंतरापेक्षा उंचीत जीपीएस जास्त चुकतं. म्हणून गाडी वर आहे की खाली हे यंत्र अंदाजाने ठरवतं. पुलावर असताना "डावीकडे वळा" ऐकू आलं तर समजायचं की त्याने आपल्याला खाली धरलं आहे. इथे डोक्यावरच्या पाटीवर 'नाशिक' वाचा आणि लेन आधीच पकडा. ठाणेकराला हे सांगायला नको, पण नवी मुंबईहून किंवा उपनगरांतून येणारे इथेच घोडबंदरला लागतात.

साकेत, खारेगाव, पुढे वडप्यापर्यंत महामार्गाच्या रुंदीकरणापायी वळणं बदलत राहतात. काकांच्या यंत्रात गाडी बराच वेळ शेतातून चालली होती, आणि ते दर दोन मिनिटांनी मार्ग नव्याने आखत होतं. त्याच्या नकाशात समृद्धी महामार्गच नव्हता. मोबाइलमध्ये तो आहे, पण तिथे वेगळा धोका आहे. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून काही ॲप आमण्याला गाडी वर चढवू बघतात. समृद्धीवर मनाला येईल तिथे उतरता येत नाही. शिवाय दुचाकीला तिथे बंदी आहे. बाइकवरून जाणाऱ्यांनी ॲपमध्ये वाहन 'दुचाकी' ठेवलंय का हे बघावं आणि आमणे-पडघा-वाशिंद-आसनगाव असा जुना रस्ता सोडू नये.

आणखी एक, आणि हे सगळ्यांनाच लागू आहे: यंत्रात पोचायचं ठिकाण म्हणून 'माहुली किल्ला' टाकू नका. किल्ल्याचा बिंदू पठारावर असतो, गाडी तिथे जात नाही. मग यंत्र त्या बिंदूला जवळचा मोटाररस्ता शोधतं, आणि तो डोंगराच्या भलत्याच बाजूचा निघू शकतो. 'माहुली गाव' किंवा पायथ्याचं शिवमंदिर टाका. आसनगावला महामार्ग सोडून डावीकडे वळलं की गाव पाच-सहा किलोमीटरवर.

मंदिरापाशी गाडी लावली. काका सावलीत पेपर घेऊन बसले. वनखात्याची पावती फाडली, कारण हा भाग तानसा अभयारण्यात येतो. मग ईट्रेक्स एका दगडावर आकाशाकडे तोंड करून ठेवलं आणि चहा मागवला. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला हा वेळ द्यावाच लागतो. उपग्रहाकडून माहिती फारच संथ येते, सेकंदाला ५० बिट. त्या उपग्रहाची स्वतःची कक्षा अर्ध्या मिनिटात कळते, पण सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पुरं उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. मोबाइल हे नेटवर्कवरून आयतं घेतो म्हणून तो चटकन जागा होतो. रेंज नसलेल्या दरीत तोही रखडतो. चालू लागल्यावर झाडांखाली यंत्र सुरू करून "सिग्नलच नाही" म्हणणाऱ्यांनी चहा गावातच प्यावा.

चहा पिताना दोन्ही यंत्रांवरची उंची ताडून पाहिली. मोबाइलचा आकडा ईट्रेक्सपेक्षा साठेक मीटरने कमी. बिघाड कुणातच नव्हता. काही ॲप उपग्रहाकडून येणारी कच्ची उंची दाखवतात आणि ती पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. आपल्या बाजूला समुद्रपातळी त्या लंबगोलाच्या साठ-पासष्ट मीटर खाली आहे. म्हणूनच ठाण्यात तलावपाळीवर उभं राहून असं ॲप उघडलं तर आपण पाण्याखाली असल्यासारखा उणे आकडा दिसतो. हातातलं यंत्र ही दुरुस्ती आतल्या आत करतं. माहुलीची उंची २,८१५ फूट सांगतात, ती पडताळायची असेल तर आधी आपलं ॲप कुठून मोजतंय ते बघा.

गाडीचा बिंदू नोंदवला आणि निघालो. ओढ्यापाशी वाट फुटते, एक धबधब्याकडे आणि एक गडाकडे. तिथे दुसरा बिंदू. पुढची चढण सरळ धारेवरून आहे, तिच्यावर लिहिण्यासारखं फार नाही. घाम काढते. लोखंडी शिडीपाशी मात्र स्क्रीनकडे बघण्यासारखं होतं. मोकळ्या धारेवर चार-पाच मीटर दाखवणारी अचूकता कातळाला लागल्यावर वीस मीटरच्या आसपास गेली आणि आमच्या मार्गाची रेघ कड्याच्या पलीकडे हवेत जाऊन परत आली. कडा अर्धं आकाश झाकतो, आणि कातळावर आपटून आलेला सिग्नल उशिरा पोचल्यामुळे अंतर चुकतं. अशा जागी नोंदवलेला बिंदू निरुपयोगी. चार पावलं उघड्यावर या आणि मग नोंदवा. यंत्र सॅकच्या पोटात न ठेवता खांद्याच्या पट्ट्याला वर लावलं तर फरक पडतो.

वर पोचल्यावर महादरवाज्याजवळच्या देवड्यांत बसून डबे उघडले. याच गडावर १६३६ मध्ये शहाजीराजांना मुघल आणि आदिलशाही फौजांनी वेढलं होतं, आणि इथेच निजामशाही वाचवायची त्यांची धडपड संपली. जेवून उठलो तेव्हा ईट्रेक्सच्या हिशोबात बसल्या जागी दीडएकशे मीटर वाढले होते. थांबलेल्या यंत्राचा बिंदू इकडेतिकडे सरकतो आणि ते त्यालाच चालणं समजतं. लांब थांबायचं तर नोंद थांबवा, नाहीतर गटावर टाकलेल्या किलोमीटरच्या बढाईत जेवणही धरलेलं असतं.

आता पठार. ओंकारने कुणीतरी नेटवर टाकलेला जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेच्या नोंदीची फाइल, उतरवून आणला होता आणि तोच धरून चालू, असा त्याचा आग्रह होता. अर्ध्या तासात त्या रेघेने आम्हाला कारवीच्या दाट झाडोऱ्यात आणलं. रेघ पुढे जाऊन गोल वळून परत येत होती. ज्याने ती आखली तो इथे चुकला होता आणि आम्ही त्याच्या मागे इमानेइतबारे चुकत होतो. दुसऱ्याचा ट्रॅक आधी घरी मोठ्या पडद्यावर उघडून बघावा. असे फाटे, गाठी आणि परत फिरलेले तुकडे तिथे लगेच दिसतात, ते छाटून मगच यंत्रात भरावा.

मोबाइल म्हणत होता, मूळ वाट साठ मीटरवर. सरळ रेषेत! मधे कारवी आणि त्यात न दिसणारी घळ. तेवढ्यात मोळी बांधत असलेल्या मावशी दिसल्या.

"मावशी, भंडारगडाची वाट हीच का?"

"ही पाण्यावर जाते, दादा. तुमची वाट मागं राहिली, मोठा कातळ लागला ना तिथनं."

त्या कातळाचा बिंदू ईट्रेक्समध्ये होता, कारण वर आल्यापासून मी प्रत्येक फाट्यावर बटण दाबत होतो. बाण धरून दहा मिनिटांत तिथे पोचलो. एक खबरदारी: ज्या स्वस्त मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही (ईट्रेक्स २२एक्समध्ये नाही, ३२एक्समध्ये आहे) त्यात उभं राहिलं की बाण भरकटतो. पाच-दहा पावलं चाला, मग बघा. होकायंत्र असलेल्यात सेल बदलल्यावर ते नव्याने जुळवून घ्यावं लागतं.

भंडारगडाच्या टोकावरून वजीर आणि नवरा-नवरीचे सुळके बघितले आणि परत फिरलो. उतरताना आपलाच आलेला मार्ग उलटा धरायची सोय हातातल्या यंत्रात असते, आणि माझ्या मते त्या यंत्राचे निम्मे पैसे तिथेच वसूल होतात. आपण ज्या वाटेने आलो तिच्यावर घळ नाही, याची खात्री आपल्या पायांना असते.

मग यंत्र विकत घ्यावं का? शनिवार-रविवार एका दिवसाचे गड करणाऱ्याला मोबाइल पुरतो. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड या नकाशांच्या ॲपमध्ये महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवा, डोंगरात फोन विमान मोडवर टाका (जीपीएस चालू राहतं, रेंज शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते) आणि पॉवर बँक ठेवा. पावसाळी भटकंती किंवा दोन-तीन दिवसांची मोहीम करणाऱ्याने मात्र बटणांचं यंत्र घ्यावं. ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, बटण देतं. शिवाय पेन्सिल सेल आसनगावच्या टपरीवरही मिळतात. ईट्रेक्स दोन सेलवर वीस-पंचवीस तास चालतं आणि त्यात ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे फुकट भरता येतात. सर्वे ऑफ इंडियाचे जुने नकाशे वापरणार असाल तर यंत्रातला डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, बदला. ते एव्हरेस्टच्या लंबगोलावर बेतलेले आहेत, यंत्र डब्ल्यूजीएस ८४ धरून असतं, आणि तसंच ठेवलं तर बिंदू शंभरेक मीटर सरकतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांनो, नुसतं सिग्नल घेणारं जीपीएस चालतं, पण उपग्रहावरून निरोप पाठवणारी इनरीचसारखी यंत्रं परवानगीशिवाय भारतात वापरता येत नाहीत. विमानतळावर अशी यंत्रं घेऊन आलेल्या परदेशी पर्यटकांवर गुन्हे दाखल झाले आहेत. ते लचांड नको.

अडचणीत ११२ ला किंवा गावात कुणाला आपली जागा सांगायची वेळ आली तर अक्षांश-रेखांशाचे आकडे कसे वाचायचे हे आधी ठरवून ठेवा. अक्षांशातली २८.३० मिनिटं म्हणजे २८ मिनिटं १८ सेकंद. समोरच्याने २८ मिनिटं ३० सेकंद लिहून घेतलं की शोधणारे पावणेचारशे मीटर उत्तरेला जातात, आणि माहुलीवर पावणेचारशे मीटर म्हणजे कड्याची दुसरी बाजू. "दशांश" हा शब्द तोंडाने उच्चारा.

गाडी नसेल तर ठाण्याहून सकाळची कसारा किंवा आसनगाव लोकल पकडा, आसनगाव स्टेशनबाहेर माहुली गावाला रिक्षा मिळते. परतीला संध्याकाळी गावात रिक्षा नसते, म्हणून सकाळच्याच रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा. गाडीने गेलात तर रविवारी चारच्या आत पायथा सोडा. आम्ही पाच वाजता निघालो आणि खारेगावच्या पुलावर तासभर उभे होतो. काकांचं यंत्र तेवढा वेळ गाडी खाडीच्या पाण्यात दाखवत होतं.