आमची वाटचाल : गाडी नावावर होईपर्यंत

सांगली-मिरज रस्त्यावर जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचं आमचं आवार सुरू झालं ते २००४च्या दसऱ्याला. त्या दिवशी हार घातला तेव्हा आवारात गाडी एकच होती. पांढरी मारुती व्हॅन, १९९७चं मॉडेल, एमएच-१० पासिंग, पुढच्या दरवाजाला खालून गंज धरलेला. माझ्या वडिलांनी, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, पंधरा दिवस खपून ती उभी केली होती.

दादांचं मिरजेत गॅरेज होतं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात आणि त्या काळी रुग्णवाहिका म्हणून बहुतेक व्हॅनच पळायच्या. मागची सीट काढली की स्ट्रेचर बसायचा. इंजिन आठशे मारुतीचंच, ७९६ सीसीचं. आमच्याकडच्या पोरांनी ते अंधारातसुद्धा खोललं असतं. बेकरीवाला, भाजीवाला, मंडपवाला, शाळेची मुलं नेणारा, सगळ्यांचं पोट त्या एका गाडीवर. २०१९ला या व्हॅनचं, म्हणजे ओम्नीचं, उत्पादन बंद झालं, तरी महिन्यातून एखादा फोन येतोच, "एखादी चांगली ओम्नी असली तर सांगा." आता आम्ही मारुतीचीच ईको व्हॅन दाखवतो. माणूस ईको घेतो, पण आठवण व्हॅनची काढतो.

गॅरेजमध्ये आलेलं गिऱ्हाईक जाता जाता म्हणायचं, "दादा, तुमच्या बघण्यातली एखादी गाडी असली तर सांगा की." लोकांचा भरवसा दादांच्या डोळ्यांवर होता. धंदा सुरू झाला तो त्या भरवशावर. भांडवल नावालाच होतं.

दादा गाडी बघायचे ती थंड असतानाच. आम्ही पोचायच्या आधी मालकाने सुरू करून ठेवलेली असली तर म्हणायचे, चला, आधी चहा घेऊन येऊ. तासाभराने परत येऊन बॉनेटखाली हात लावायचे आणि मगच किल्ली फिरवायची. ऑइलचं झाकण काढून उलटं करायचे. आतून पांढरट साय धरलेली दिसली तर पाणी ऑइलमध्ये जात असल्याची शंका, मग पुढचं सगळं खोलवर तपासायचं. दरवाजाचं रबर हाताने ओढून आतले वेल्डिंगचे गोल ठिपके बघायचे. कंपनीचे ठिपके एका अंतरावर, एका मापाचे असतात. गाडी कुठे आपटून पुन्हा जोडलेली असली की तिथे ते बुजलेले किंवा वेडेवाकडे दिसतात. काचांवर छापलेली बनावटीची सालं एकमेकांशी जुळतात का ते बघायचे. आणि शेवटी क्लचच्या पेडलवरचं रबर. मीटर चाळीस हजार दाखवतंय आणि रबर गुळगुळीत झालंय, म्हणजे मीटर मागे फिरवलंय. हे सगळं मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसून शिकलो. आज आमच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे, स्कॅनर आहे, तरी रबर ओढून ठिपके बघितल्याशिवाय मी टोकन देत नाही.

गाडी ओळखायला आम्ही लवकर शिकलो. कागदाचं महत्त्व कळायला मात्र एक प्रकरण घडावं लागलं, आणि त्याची किंमत आमच्याऐवजी दुसऱ्याच माणसाने मोजली.

२००७ साली एका शिक्षकांची व्हॅन आम्ही दूधवाल्याला विकून दिली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे शंभराच्या बाँडवर लिहून घेतलं, टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर, गुरुजींच्या कोऱ्या सह्या घेतल्या आणि फाइल घेणाऱ्याच्या हातात दिली. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात नावावर करून घेतो. त्याने केली नाही. वर्षाभराने त्याने गाडी पुढे विकली, तशीच, त्याच कोऱ्या फॉर्मांसकट. २००९ला त्या गाडीने एका मोटारसायकलला धडक दिली. विमा संपलेला. नोटीस आली ती गुरुजींना, कारण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीवर, नाव त्यांचं.

गुरुजी नोटीस घेऊन आवारात आले तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ते रागावले नाहीत. कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मी तर गाडी तुमच्याकडे दिली होती ना?" पुढची तीन वर्षं ते तारखांना गेले, मी त्यांच्याबरोबर गेलो. बाँड दाखवला, पैसे मिळाल्याची पावती दाखवली. कायद्यापुढे त्याला फारसं वजन नव्हतं. अखेर लोकअदालतीत तडजोड झाली, त्यातली मोठी रक्कम आम्ही भरली. दादांनी गॅरेजची मागची जागा विकली. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली स्पष्टच सांगितलं की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. मधल्या विक्र्या घरात झाल्या की बाँडवर, त्याने फरक पडत नाही. आम्हाला ते नऊ वर्षं आधी कळलं होतं.

तेव्हापासून गाडी नावावर करून देणं हे आमचं काम, गिऱ्हाइकाचं नाही. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३०. आम्ही दोघांचे कागद एकाच दिवशी घालतो. विम्याचंही तसंच. नवीन मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज करावा लागतो, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा, हेही आधीच सांगतो. सुरुवातीला या नियमापायी गिऱ्हाइकं गेली. शेजारच्या आवारात संध्याकाळी किल्ली मिळते, तुमच्याकडे कागदासाठी थांबावं लागतं, असं तोंडावर ऐकवून गेली. वाईट वाटायचं, पण गुरुजींचा तो प्रश्न त्याहून जड होता.

१ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओचं अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी ताब्यात आल्याची ऑनलाइन सूचना द्यायची असा केंद्राचा नियम आला. ती सूचना गेली की गाडीची जबाबदारी व्यापाऱ्यावर येते, आणि जुना मालक त्या दिवसापासून मोकळा. हा नियम पंधरा-सोळा वर्षं आधी असता तर गुरुजींच्या चपला कोर्टाच्या पायऱ्यांवर झिजल्या नसत्या. या व्यवसायातल्या पुष्कळांना तो जाच वाटतो. मला तो फार उशिरा आलेला न्याय वाटतो.

आता कर्जाबद्दल, कारण आमच्याकडे येणाऱ्या दहांतले सहा-सात जण हप्त्यावरच गाडी घेतात.

फाइनान्सच्या फायली सौ. बघते. ती आधी एका पतसंस्थेत कारकून होती. २०११ला तिने पहिल्यांदा माझ्यापुढे कॅल्क्युलेटर सरकवून दाखवलं की आम्ही गिऱ्हाइकाला जो 'दहा टक्के' दर सांगतोय तो दहा टक्के नाही. तीन लाखांचं कर्ज, तीन वर्षं, दहा टक्के फ्लॅट. व्याज वर्षाला तीस हजार, तीन वर्षांचं नव्वद, एकूण तीन लाख नव्वद हजार, महिन्याचा हप्ता १०,८३३ रुपये. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र पूर्ण तीन लाखांवर लावलेलं. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर तोच दर जवळजवळ १८ टक्के पडतो. शेजारच्या बँकेचा १२ टक्के घटता दर ऐकायला महाग, पण त्याचा हप्ता ९,९६४. महिन्याला ८६९ रुपयांचा फरक, तीन वर्षांत एकतीस हजारांवर. दूधवाल्याच्या घरात एकतीस हजार म्हणजे चार टायर आणि दोन वर्षांचा विमा.

तेव्हापासून आमच्या टेबलावर फ्लॅट दर बोलला जात नाही. हप्ता किती, एकूण किती भरणार, फाइल चार्ज किती, कर्जाबरोबर गळ्यात घातलेला विमा आहे का, हे ती साध्या वहीच्या पानावर लिहून देते. जी फाइनान्स कंपनी आम्हाला जास्त पेआउट, म्हणजे कर्ज मिळवून दिल्याचं कमिशन, देते तिचा दर बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला जास्त असतो, हे या व्यवसायातलं उघड गुपित आहे. त्या पेआउटवर पाणी सोडायला मला सुरुवातीला जड गेलं. ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेने सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेलं पत्रक कर्जदाराला देणं सक्तीचं केलंय. सही करायच्या आधी ते मागून घ्या आणि त्यातला तो एक आकडा वाचा.

हप्त्याची तारीख हा असाच एक विषय, ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आमच्या भागात डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. हप्ता महिन्याच्या पाच तारखेला आणि बिलाचे पैसे खात्यात सात तारखेला, एवढ्या दोन दिवसांनी माणूस थकबाकीदार ठरतो. बाउन्सचा दंड बसतो, सिबिल पडतं. सौ. आधी विचारते, "भाऊ, पैसा हातात कधी येतो?" मग तारीख ठरते. द्राक्षवाल्याचा पैसा फेब्रुवारी ते एप्रिल. त्याला आम्ही स्पष्ट सांगतो, सीझन संपल्यावर निम्मे पैसे रोख घेऊन या, कर्ज कमी काढा.

२०१९च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा ५७ फुटांवर गेली. आमचं आवार उंचावर म्हणून वाचलं. गावभागातल्या किती घरांपुढच्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या त्याचा हिशेब नाही. दोन-तीन महिन्यांनी एजंट येऊ लागले, नवीन सीटकव्हर, आत अत्तराचा वास, भाव निम्मा. त्यातली एकही घ्यायची नाही असं ठरवलं होतं. तरी एक आली. दुसऱ्या जिल्ह्याचं पासिंग होतं, कागद स्वच्छ, मी बाहेरगावी असताना आवारातल्या पोरांनी घेतली आणि जानेवारीत विकली गेली. फेब्रुवारीत ते कुटुंब तक्रार घेऊन आलं, हेडलाइट मध्येच बंद पडतात, एसी लावला की कुबट वास येतो. मी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. एरवी गुंडाळलेला राहतो त्या भागावर चिखलाची तपकिरी रेघ आडवी, पट्टीने मारल्यासारखी. मी गाडी परत घेतली, पूर्ण पैसे दिले, त्यांचं कर्ज बंद करायचा खर्च दिला. गाडी भंगारात काढली. तो पट्टा कापून टेबलाच्या खणात ठेवलाय, नवीन पोरगा कामाला लागला की आधी त्याच्या हातात देतो.

पाठोपाठ लॉकडाऊन. आमच्याकडून ईको घेतलेले शाळेच्या व्हॅनचे चालक, जवळजवळ तीस जण, एका रात्रीत रिकामे झाले. मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची सवलत होती, पण त्या काळाचं व्याज चढतच होतं, आणि ते अनेकांना कोणी सांगितलंच नाही. सौ.ने एकेकाला फोन करून सांगितलं, जमेल तेवढे भरा, अगदीच जमत नसेल तरच सवलत घ्या. कोणी व्हॅनमधून भाजी विकली, कोणी औषधं पोचवली, एकाने अंड्यांचे ट्रे. तिसातल्या चौघांच्या गाड्या शेवटी फाइनान्सवाल्यांनी ओढून नेल्या. त्यातल्या दोन आम्ही सोडवून आणू शकलो, दोन नाही. ते दोघं अजून रस्त्यात भेटतात, नमस्कार करतात.

२०२५ हे साल हिशेबाला अवघड गेलं. जानेवारीत जुन्या गाड्यांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. लहान गाड्यांना आधी १२ होता. तो लागतो व्यापाऱ्याच्या फरकावर. तीन लाखांना घेतलेली गाडी तीन तीसला गेली तर कर फक्त तीस हजारांवर. घरची गाडी विकणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध नाही, पण बातम्या अशा फिरल्या की महिनाभर लोक घाबरून फोन करत होते. मग सप्टेंबरमध्ये, घटस्थापनेच्या दिवसापासून, नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८वर आला. सामान्य माणसासाठी चांगली गोष्ट. पण नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव त्याच दिवशी खाली येतो, आणि आमच्याकडे जुन्या भावाने घेतलेल्या अकरा गाड्या उभ्या होत्या. पितृपक्षात तर कोणी फिरकलंच नाही. सहा गाड्या तोट्यात दिल्या. घेणाऱ्याला भाव मात्र खाली आलेलाच लावला.

दादा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. गॅरेज बंद केलं तरी सकाळी नऊला आवारात येतात, खुर्ची टाकून बसतात. कोणी गाडी विकायला आणली की उठतात आणि दरवाजाचं रबर ओढतात.

या आठवड्यात आवारात चौदा गाड्या आहेत. त्यातल्या दोन मागच्या शेडमध्ये झाकून ठेवल्या आहेत. एकीवर बँकेचा बोजा आहे, बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म यायचाय. दुसरीच्या मालकांचं निधन झालंय आणि वारसांपैकी एका मुलीची सही पुण्याहून यायची आहे. ती दुसरी ईको आहे, २०२१ची, पहिला मालक, दादांनी स्वतः पास केलेली. काल टिफिनचा व्यवसाय करणाऱ्या एक ताई तीन वेळा तिच्याभोवती फिरून गेल्या. बयाणा द्यायला तयार होत्या. सौ.ने पैसे घेतले नाहीत, फक्त त्यांचा नंबर वहीत लिहून घेतला आणि त्यापुढे लिहिलं : सही आल्यावर आधी यांना फोन.