ऑसिलेटर मिळाला, सर्टिफिकेट कुठनं आणू?

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनाशेजारी बसणाऱ्या कंट्रोलरसाठी क्लॉक, म्हणजे चिपला ठेका देणारा ऑसिलेटर, ठरवायचा होता. मायक्रोकंट्रोलरच्या पोटातला आरसी ऑसिलेटर पहिल्यांदा बाद केला. तापमान चढलं की तो सरकतो आणि कॅन बसवर (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती लाइन) एरर यायला लागतात. साधा क्रिस्टल स्वस्त पडला असता, पण लोड कपॅसिटर जुळवा, उणे ४० अंशांत सुरू होतोय का बघा, हा व्याप नको होता. म्हणून तयार क्वार्ट्झ ऑसिलेटर घेतला. उणे ४० ते १२५ अंश, ±५० पीपीएम (दहा लाखात पन्नास इतकाच फरक). चेंबरमधे सँपल नीट चालले. विषय संपला असं वाटलं.

मग फाइल कस्टमरच्या क्वालिटी विभागात गेली आणि तिथं रुतली. त्यांच्या फॉर्ममधे एकच रकाना: 'एईसी-क्यू१०० सर्टिफिकेट जोडा.' (एईसी म्हणजे ऑटोमोटिव्ह इलेक्ट्रॉनिक्स कौन्सिल, गाड्यांमधल्या पार्टच्या टेस्ट ठरवणारी संस्था.) आमच्या पार्टच्या कागदावर होतं क्यू२००. फाइल परत. फोन केला, म्हटलं, "साहेब, क्यू१०० आयसीसाठी, क्यू२०० रेझिस्टर-कपॅसिटरसारख्या पॅसिव्हसाठी. ऑसिलेटरमधे क्वार्ट्झ पण असतो आणि आयसी पण, म्हणून काही कंपन्या हे दाखवतात, काही ते." पलीकडनं उत्तर, "ते ठीक आहे, पण सर्टिफिकेट कुठाय?"

आता गंमत बघा. एईसी असं सर्टिफिकेट कुणालाच देत नाही. त्यांचं सर्टिफिकेशन मंडळच नाही. पार्ट बनवणारी कंपनी स्वतः टेस्ट करते, डेटा ठेवते आणि पार्ट क्वालिफाइड असल्याचं स्वतःच जाहीर करते. हे मेलवर लिहिलं, तर उत्तरात तोच फॉर्म आला, रकान्याला पिवळा रंग मारून! डिस्ट्रिब्युटर म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते डिस्ट्रिब्युटरमार्फत या. इकडं पीसीबीची ऑर्डर थांबलेली आणि मालक रोज सकाळी चहाच्या आधी "काय झालं?"

शेवटी रकान्याचा नाद सोडला. कंपनीचं डिक्लरेशन, क्यू२००चा टेस्ट रिपोर्ट आणि एका पानावर आमच्या तापमान-व्हायब्रेशनच्या गरजेपुढं त्या टेस्टचे आकडे, असं करून डेव्हिएशन, म्हणजे त्या अटीतून सूट, मागितलं. क्वालिटीला नाही, त्यांच्या डिझाइनच्या माणसाला पाठवलं. त्यानं वाचलं आणि सही केली. म्हणून सांगतो, पहिला फोन डिझाइनलाच करा. आणि डिक्लरेशन, टेस्ट रिपोर्ट, पीपॅप (पार्ट मंजुरीची कागदपत्रं) मिळणार का, हे सँपल मागवतानाच लेखी विचारा.

पीपीएमचा आकडा फक्त २५ अंशांचा आहे की तापमान आणि एजिंग (पार्ट जुना होईल तसा पडणारा फरक) धरून, हेही बघून घ्या. डेटाशीटच्या पहिल्या पानावर बहुतेक गोड आकडाच असतो. दुसरा सोर्स ठेवताना पिन १ तपासा. चार पॅडचं पॅकेज सारखंच दिसतं, पण कुणाची ती पिन आउटपुट एनेबल असते, कुणाची स्टँडबाय, तर कुणाची नुसतीच रिकामी.