नऊ वर्षांचा कॉम्प्युटर पुन्हा वापरात आणताना

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली दुपार. मी वीजबिल भरायला कॉम्प्युटर उघडला आणि अख्खा पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला, बाईच्या आवाजात इंग्रजीतून सूचना सुरू झाल्या. तुमचा कॉम्प्युटर बंद केला आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. मी खरोखर मोबाइल हातात घेतला होता. तेवढ्यात भोंगा ऐकून शेजारची मुलगी धावत आली. "काकू, नंबर लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो." तिने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं, टास्क मॅनेजर (चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी) उघडला, त्यात ब्राउझर निवडून 'एंड टास्क' केलं. भोंगा थांबला. नुकसान काहीच झालं नव्हतं, तो फक्त एक वेबपेज होता. पण मी फोन लावला असता, तर पुढच्या माणसाने दुरून कॉम्प्युटर चालवता येणारं एखादं रिमोट ॲप टाकायला लावून माझ्या बँकेच्या खात्यापर्यंत हात घातला असता.

त्या संध्याकाळी ठरवलं की हे यंत्र नीट समजून घ्यायचं. कॉम्प्युटर २०१६ चा, मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा घेतलेला. सुरू व्हायला दहा-बारा मिनिटं लागायची. कोपऱ्यात सारखे 'व्हायरस सापडला' असे चौकोन उगवायचे. हळू चालणं आणि धोका असणं हे मला दोन वेगळे आजार वाटत होते. प्रत्यक्षात दोन्हींचं मूळ बरंचसं एकच निघालं: नऊ वर्षांत हो-हो म्हणत आत घेतलेल्या गोष्टी.

ते कोपऱ्यातले चौकोन व्हायरसचे नव्हतेच. कुठल्या तरी साइटने 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारलं आणि मी 'अलाव' दाबलं होतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स. अकरा साइट होत्या, सगळ्या काढल्या. मग टास्क मॅनेजरमधला 'स्टार्टअप' हा भाग उघडला. कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप चालणारे चौदा प्रोग्रॅम! केव्हाच मोडीत काढलेल्या प्रिंटरचाही त्यात होता. गरजेचे तीन ठेवले. मुदत संपलेला अँटीव्हायरसही काढून टाकला. विंडोजमधला स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, त्यानंतर आपोआप कामाला लागला, आणि घरच्या वापराला तो मला पुरतो.

तरीही टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क' शंभर टक्क्यांवरच अडकलेली दिसायची. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवायला हवी होती. पण त्याआधी बॅकअप, आणि इथे माझे तब्बल चार दिवस गेले. फोटो सोपे होते, बाहेरच्या डिस्कवर एक प्रत केली आणि दुसरी मुलीकडे पुण्याला पाठवली. अडलं ते शाळेच्या फाइलींपाशी. वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, गॅदरिंगची नाटुकली, मुलांसाठी केलेले व्याकरणाचे तक्ते, सगळं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सारखीच दिसावीत अशी आजची पद्धत) येण्याआधीचे ते फॉन्ट नसले तर ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन दिसतात. म्हणजे फाइल जपायची तर फॉन्टही जपायला हवा. विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून ते शोधून शोधून वेगळे काढले. ज्यांनी २००५ च्या आसपास मराठीत काही टाइप केलंय, त्यांनी विंडोज नव्याने टाकण्याआधी एवढं कराच.

एसएसडी आणि जादा चार जीबी रॅम (चालू कामासाठीची मेमरी) दुकानातून बसवून घेतली. आता अर्ध्या मिनिटात पडदा समोर येतो. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर एसएसडीवर घाला. यूपीएसची बारा व्होल्टची बॅटरीही बदलली, कारण पावसाळ्यात वीज गेली की यंत्र धाडकन बंद पडायचं.

सुरक्षेसाठी सगळ्यात उपयोगी ठरलं ते दुसरं खातं. रोजचं काम मी आता साध्या खात्यातून करते. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड वेगळा. काही नवीन टाकायचं झालं की तो पासवर्ड मागितला जातो आणि मला क्षणभर थांबून विचार करता येतो. पासवर्ड वहीत लिहिते, वही कपाटात. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावली, कारण बाकी बहुतेक पासवर्ड बदलण्याची वाट ईमेलमधूनच जाते. आणि मॉनिटरच्या कडेला १९३० हा आकडा चिकटवलाय. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर लगेच लावायचा हा सरकारी क्रमांक. जितक्या लवकर कळवू, तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त.

एक गोष्ट उरली. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. सुरक्षा अपडेटची वर्षभराची मुदतवाढ घेतलीय, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तोवर पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी वापरता येणारी मोफत प्रणाली, चालवून बघतेय. प्रिंटर लागला, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही (भारतीय लिपींसाठीची प्रमाण मांडणी) चालतो. जुन्या फॉन्टमधल्या फाइली मात्र त्याआधी युनिकोडमध्ये आणायच्यात. रोज दोन करते. काल १९९८ च्या गॅदरिंगचं नाटुकलं झालं.